आनेनेकुइल्को गांवचा पुढारी : एमिलियानो झापाता

मेक्सिको देशाच्या राजधानीच्या दक्षिणेस मोरेलोस नांवाचें एक लहानसें राज्य आहे. तेथील हवा उष्ण, जमीन सकस व पाणी मुबलक असल्यामुळें स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकल्यापासून तेथें उसाची लागवड होत आली. या राज्यांत आनेनेकुइल्को म्हणून एक खेडें आहे. १९१० च्या सुमारास त्याची वस्ती चारशेंच्या आंत होती. म्हणजे आमच्या इकडील एखाद्या वाडीएवढेंच तें होतें. या खेड्यांत ८ ऑगस्ट १८७९ रोजीं एमिलियानो झापाता याचा जन्म झाला.

रुंद काठाची टोपी, लांब मिशा, छातीवर काडतुसांचे पट्टे अशी त्याची तसबीर आमच्या पुष्कळ वाचकांच्या पाहण्यांत आली असेल. ती पाहून तो कोणी लुटारूंचा नायक असावा असें वाटतें, आणि त्याच्या हयातींत राजधानींतील वर्तमानपत्रें त्यास तसेंच म्हणत. परंतु त्याचें पहिलें पद बंडखोराचें नव्हतें. तो आपल्या गांवच्या पंचायतीचा अध्यक्ष होता, आणि त्याचें पुढील सर्व चरित्र वाचतां आमची अशी खात्री झाली आहे कीं मरेपर्यंत तो तेंच काम करीत राहिला. ज्या देशांत त्या दहा वर्षांत राष्ट्राध्यक्ष आले, पळाले व मारले गेले, तेथें ज्यास राष्ट्राध्यक्ष व्हावयाचें नव्हतें असा हा एक मनुष्य होता. त्याच्यामागें लोक कां गेले हें ज्यास समजलें, त्यास उठाव करणाऱ्या सामान्य माणसाला काय हवें असतें हेंही समजेल.

झापाताचें घराणें अगदीं दरिद्री नव्हतें. बाप गाब्रिएल व आई क्लेओफास यांजपाशीं थोडी जमीन व थोडीं गुरें होतीं, आणि राहण्यास दगडमातीचें घर होतें. एमिलियानो पुरता वयांत येण्यापूर्वींच दोघेंही वारलीं. मग त्यानें खेचरांच्या पाठीवर मका वाहण्याचा धंदा केला, मळेवाल्याची थोडी जमीन बटाईनें घेऊन कलिंगडें पिकविलीं, आणि घोडे शिकविण्यांत एवढें नांव मिळविलें कीं मोठमोठे मळेवाले त्यास आपल्या तबेल्यांत येण्यासाठीं बोलावीत. लिहितां वाचतां त्यास येत असे. शाळेचें शिक्षण मात्र बेताचेंच. कपड्यांचा शौक होता. चांदीच्या गुंड्यांची विजार घालून तो सणास बाहेर पडे, आणि गांवच्या लोकांस त्याचें कौतुक वाटे, कारण तो मळेवाल्यांच्या घरीं जाऊनही मळेवाल्यांचा झाला नव्हता.

त्या वेळीं देशावर पोर्फिरिओ दिआझ याचा अंमल होता. १८७६ सालीं त्यानें सत्ता बळकाविली, आणि मधलीं चार वर्षें सोडून १९११ पर्यंत ती सोडली नाहीं. निवडणुका होत, परंतु निकाल आधींच ठरलेला असे. त्याच्या कारकीर्दींत आगगाड्या आल्या, खाणी निघाल्या, परदेशांतील भांडवल आलें. बाहेरून पाहणाऱ्यांस देश भरभराटला असें दिसे, आणि एका अर्थानें तो भरभराटलाही होता. मोरेलोसमध्यें नवीं यंत्रें आलीं व साखरेचे कारखाने मोठे झाले. मोठ्या कारखान्यास अधिक ऊस लागतो. अधिक उसास अधिक जमीन व अधिक पाणी लागतें. आणि जमीन व पाणी तर खेड्यांपाशीं होतें.

तें त्यांजकडून कसें गेलें हें आमच्या वाचकांस फार समजावून सांगणें नको. आज गायरानास कुंपण पडे. उद्यां त्यांत शिरलेलीं गुरें कोंडली जात व दंड भरल्यावांचून सुटत नसत. परवां पाटाचें पाणी वरच्या अंगास वळविलें जाई. गांव फिर्याद करी. न्यायाधीश कागद मागे. कागद दिले तर आणखी कागद मागे. आणि चार वर्षांनीं निकाल लागे तोंवर त्या शेतांत मळेवाल्याच्या उसाचीं तीन पिकें निघून गेलेलीं असत. ज्यांचीं शेतें गेलीं ते त्याच शेतांवर मजूर होत, किंवा डोंगराच्या कडेची खडकाळ जमीन खंडानें घेत. अहाब राजास नाबोथाचा मळा भाजीपाल्यासाठीं हवा होता. या लोकांस तो उसासाठीं हवा होता, इतकाच काय तो फरक. किंबहुना ईजबेलीस खोटे साक्षीदार तरी उभे करावे लागले. मोरेलोसच्या मळेवाल्यांस तेवढाही त्रास पडला नाहीं, कारण १९०९ सालीं जो गव्हर्नर झाला तो पाब्लो एस्कान्दोन स्वतःच मळेवाला होता.

त्याच सालच्या सप्टेंबर महिन्यांत आनेनेकुइल्कोच्या वडील मंडळींनीं एका संध्याकाळीं सभा बोलाविली. एरवीं सभेसाठीं घंटा वाजवीत. परंतु मळ्याच्या मुकादमांच्या कानीं जाऊं नये म्हणून या वेळीं तोंडींच निरोप गेले. सत्तर-ऐंशीं शेतकरी जमले. वृद्ध अध्यक्ष होसे मेरिनो यानें सांगितलें कीं आपण व आपले सोबती आतां थकलों. कोर्टाच्या खेपा घालण्यास व मोठ्यांच्या तोंडावर बोलण्यास तरुण माणूस पाहिजे. लोकांनीं झापातास निवडलें. तो तीस वर्षांचा होता. त्यानें पद घेतलें, पण तुम्हीं सर्वांनीं मागें उभें राहिलें पाहिजे असें मागून घेतलें.

आणि मग त्यानें काय केलें? बंदूक उचलली नाहीं. गांवाचें दप्तर एका पेटींत होतें. स्पॅनिश राजांच्या वेळच्या सनदा, नकाशे, जुन्या निकालांच्या नकला असे पिढ्यान् पिढ्या जपलेले कागद. ती पेटी त्यानें ताब्यांत घेतली, आणि फ्रान्सिस्को फ्रान्को नांवाच्या तरुण चिटणिसास बरोबर घेऊन गांवच्या ख्रिस्तमंदिरांत कित्येक दिवस ते दोघे कागद वाचीत बसले. कांहीं कागद नाहुआत्ल या तेथील मूळ लोकांच्या भाषेंत होते. त्यांचा अर्थ लावून घेण्यासाठीं फ्रान्कोस दुसऱ्या गांवीं पाठविलें. ज्या वाचकांनीं सात-बाराच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याच्या दारीं खेपा घातल्या असतील, किंवा आजोबांच्या वेळचा फाटका कागद कोणाकडून तरी वाचून घेतला असेल, त्यांस या दोघांच्या मनाची स्थिति कळेल. आमची जमीन, एवढेंच म्हणणें वेगळें, आणि ती आमची आहे हें आपल्या डोळ्यांनीं लिहिलेलें पाहणें वेगळें. त्या दिवसांपासून झापाताच्या वागण्यांत जो ठामपणा आला तो कधीं गेला नाहीं, याचें मूळ आम्हांस त्या पेटींत दिसतें.

पुढच्या वर्षीं पेरणीचे दिवस आले. शेजारच्या ओस्पिताल नांवाच्या मळ्यानें गांवास नेहमींची जमीन खंडानेंही देण्याचें नाकारलें. गांवानें गव्हर्नरास अर्ज केला. पाऊस तोंडावर आला आहे, निदान या वर्षींचें पेरूं द्या, मालकीचा निकाल मागाहून लागो, असें त्यांत नम्रपणें लिहिलें होतें. मळ्याकडून जो जबाब आला त्याचा मतलब असा कीं, आनेनेकुइल्कोच्या लोकांस पेरावयाचेंच असेल तर त्यांनीं कुंडींत पेरावें. याच सुमारास झापातास सक्तीनें सैन्यांत भरती केलें होतें. तेथून सुटल्यावर कांहीं दिवस त्यानें दिआझच्या जांवयाच्या राजधानींतील तबेल्यांत काम केलें. तेथें घोड्यांस जी जागा होती तशी आपल्या गांवच्या माणसांस नाहीं, हें पाहून तो परतला असें सांगतात. परत आल्यावर सुमारें ऐंशीं हत्यारबंद गांवकरी घेऊन तो त्या शेतांत गेला, मळ्याच्या रखवालदारांस निघून जाण्यास सांगितलें, आणि जमिनीचे तुकडे गांवकऱ्यांस वांटून दिले. गोळी सुटली नाहीं. त्या पावसाळ्यांत आनेनेकुइल्कोनें आपल्या शेतांत मका पेरला.

आतां देशाकडे वळूं. १९१० सालीं दिआझ पुनः निवडून आला, म्हणजे नेहमींप्रमाणें त्यानें स्वतःस निवडून घेतलें. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रान्सिस्को मादेरो हा उत्तरेकडील एका फार श्रीमंत जमीनदाराचा मुलगा होता. मनुष्य सज्जन, निर्व्यसनी, लोकशाहीवर खरा विश्वास ठेवणारा. त्यानें उठावाची हांक दिली, आणि आपल्या जाहीरनाम्यांत एका कलमांत अन्यायानें गेलेल्या जमिनी परत देण्याचें आश्वासन घातलें. मादेरोच्या दृष्टीनें तें अनेक कलमांतील एक कलम होतें. मोरेलोसच्या खेड्यांनीं तेवढेंच वाचलें. १९११ च्या मार्चमध्यें झापाता व त्याचे सोबती उठले. मे महिन्यांत कुआउत्ला शहर हट्टाच्या लढाईनें घेतलें. आणि २५ मे रोजीं म्हाताऱ्या दिआझनें राजीनामा देऊन परदेशाची वाट धरली.

जूनच्या आरंभीं मादेरो राजधानींत आला. दुसऱ्याच दिवशीं झापातानें त्याची भेट घेतली. या भेटीची एक हकीकत त्या वेळीं हजर असलेल्या माणसानें लिहून ठेविली आहे. मादेरोच्या छातीवर सोन्याच्या घड्याळाची साखळी होती. झापाता बंदूक हातांत घेऊन त्याच्यापुढें गेला व त्यानें विचारलें कीं, मीं या बंदुकीच्या जोरावर आपलें घड्याळ काढून घेतलें आणि पुढें कधीं आपणही हत्यारबंद असतां आपली गांठ पडली, तर आपण तें परत मागाल कीं नाहीं? मादेरो म्हणाला, अर्थात्, आणि वर नुकसानभरपाईही मागेन. तेव्हां झापातानें सांगितलें कीं मोरेलोसमध्यें आमचें हेंच झालें आहे. मादेरोस मुद्दा समजला. पण त्याचें उत्तर असें कीं सर्व गोष्टी कायद्यानें, क्रमाक्रमानें होतील. तोंवर तुम्हीं हत्यारें खालीं ठेवा. बक्षीस म्हणून एक चांगली शेतवाडी झापातास देऊं केली. ती त्यानें घेतली नाहीं. स्वतःसाठीं जमीन मिळविण्याकरितां आपण उठलों नव्हतों, असें तो रागानें बोलला.

आमच्या मतें या एका भेटींत सर्व पुढील दुर्दैवाचें बीज आहे. मादेरो वाईट मनुष्य नव्हता. त्यास वाटे कीं जुलमी राजा गेला, मत देण्याचा हक्क आला, वर्तमानपत्रें मोकळीं झालीं. आतां लोकांनीं घरीं जावें. खेड्यांतील लोकांस मताचा हक्क नको होता असें नाहीं. आनेनेकुइल्कोनें झापातास मतानेंच निवडलें होतें, आणि तें त्यांस पूर्वापार ठाऊक होतें. पण घरीं जावें तर घरापुढील शेतांत अजून दुसऱ्याचा ऊस उभा होता. न्यायाधीश तेच, मुकादम तेच, राज्याचा कारभार पाहणारेही मळेवाल्यांचेच स्नेही. ज्या कायद्यानें जमीन नेली त्याच कायद्यानें ती परत मिळेपर्यंत थांबा, असें सांगणाऱ्यास थांबण्याचा अर्थ ठाऊक नसतो, कारण त्याच्या घरचें धान्य तेवढ्यांत संपत नाहीं.

ऑगस्टमध्यें व्हिक्तोरियानो हुएर्ता या सेनापतीच्या हाताखालीं सरकारी फौज मोरेलोसमध्यें शिरली. नोव्हेंबरांत मादेरो राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस डोंगरांतील एका लहानशा वस्तींत झापाता व त्याचे सरदार यांनीं आयाला योजना या नांवानें प्रसिद्ध असलेल्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तो लिहिण्यांत मुख्य हात ओतिलिओ मोन्तान्यो या खेड्यांतील शाळामास्तराचा होता. सह्या करणाऱ्यांत होसे त्रिनिदाद रुईस नांवाचा एक प्रॉटेस्टंट उपदेशकही होता, हें आमच्या वाचकांस नवल वाटेल म्हणून सांगतों. बाकी बहुतेक शिपाई ग्वादालुपेच्या मरीयेचें चित्र टोपीला लावणारे होते.

या योजनेची भाषा ओबडधोबड आहे व तींत मादेरोवर पुष्कळ शिव्याशाप आहेत. राजधानींतील शिकलेले लोक तिला हंसले. खुद्द मादेरोनें ती वर्तमानपत्रांत छापूं दिली, ती अशासाठीं कीं झापाता किती वेडा आहे हें सर्वांस दिसावें. पण तिच्या मध्यभागीं एक गोष्ट अशी आहे कीं ती कोणा वकिलास सुचली नसती. ज्या गांवापाशीं आपल्या जमिनीचे कागद आहेत त्यानें ती जमीन ताबडतोब कबजांत घ्यावी. ज्यास ती आपली वाटत असेल त्या मळेवाल्यानें क्रांति जिंकल्यावर खास न्यायसभेपुढें येऊन पुरावा द्यावा. म्हणजे इतकीं वर्षें कोर्टाच्या पायरीवर बसण्याची पाळी गांवाची होती, ती आतां मळेवाल्याची झाली. याशिवाय ज्या गांवांपाशीं कागद नाहींत त्यांच्यासाठीं मोठ्या जमीनदारांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोबदला देऊन घ्यावा असें ठरविलें होतें. सर्व जमीन नव्हे, तिसरा हिस्सा, आणि तोही मोबदला देऊन. ज्यांस राजधानींत रक्तपिपासु म्हणत त्यांची ही मागणी होती. विरोध करील त्याची मात्र सर्वच जावी असें पुढें होतें.

यापुढील तीन वर्षांची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती जाळपोळीची आहे. हुवेन्सिओ रोब्लेस नांवाच्या सेनापतीनें खेडीं जाळून लोकांस छावण्यांत कोंडलें. १९१३ च्या फेब्रुवारींत हुएर्तानें फितुरी करून मादेरोस मारविलें व स्वतः गादी घेतली. तो दिआझपेक्षांही क्रूर निघाला. जीं खेडीं जाळलीं त्यांतील माणसें झापाताकडे गेलीं. फौज मोठी झाली. पण पेरणीस व कापणीस शिपाई घरीं जात आणि सेनापतीस त्यांची वाट पाहावी लागे. अशी फौज ठेवून राज्य जिंकतां येत नाहीं असें जाणते म्हणतील, आणि तें खरें आहे. १९१४ च्या जुलैंत हुएर्ता पळाला तो मुख्यतः उत्तरेकडील वेनुस्तियानो कारान्सा व पांचो व्हिया यांच्या फौजांमुळें. नंतर त्या दोघांचेंही फाटलें.

त्या सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस झापाताचे लोक राजधानींत शिरले. श्रीमंतांनीं दारांस कुलपें लावलीं. पण हे पांढऱ्या सुती कपड्यांतील, पायांत वहाणा घातलेले शेतकरी घरोघर जाऊन दार ठोठावीत आणि टोपी हातांत घेऊन थोडी मक्याची भाकरी मागत. रात्रीं घंटा वाजवीत धांवत येणारा आगीचा बंब पाहून तें शत्रूचें कांहीं यंत्र आहे असें समजून त्यांनीं गोळ्या झाडल्या व बिचारे बंबवाले मेले. खेड्यांतील माणूस शहरांत किती परका असतो याचें हें दुःखकारक उदाहरण होय. झापाता स्वतः स्टेशनाजवळच्या एका साध्या खाणावळवजा हॉटेलांत उतरला. ६ डिसेंबर रोजीं व्हिया व तो राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यांत गेले. तेथें घेतलेलें छायाचित्र प्रसिद्ध आहे: व्हिया राष्ट्राध्यक्षाच्या सोनेरी खुर्चीवर हंसत बसला आहे, आणि शेजारीं झापाता गुडघ्यावर टोपी ठेवून, डोळे न मिटतां, जणूं कोणी मागून येतो कीं काय असा बसला आहे. त्या खुर्चीवर बसण्याचा आग्रह त्यास झाला होता. तिच्यापायीं माणसें वैरी होतात, ती जाळून टाकावी, असा त्याचा अभिप्राय होता असें सांगतात. थोड्याच दिवसांत तो मोरेलोसला परतला.

कित्येक इतिहासकार यास त्याची मोठी चूक मानतात. देशाची सत्ता हातीं आली असतां खेड्यांत परत जाणारा पुढारी देशाचें काय भलें करणार, असें ते विचारतात. या प्रश्नांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं, कारण पुढें त्याचें फळ मोरेलोसला भोगावें लागलें. परंतु तो परत गेला म्हणून १९१५ सालीं जें झालें तें झालें.

त्या वर्षीं मोरेलोसमध्यें सरकार असें फारसें नव्हतें आणि लढाईही नव्हती. राजधानीच्या शेतकी शाळेंतून जमीन मोजण्यास तरुण येऊन दाखल झाले. त्यांनीं गांवोगांव जाऊन साखळ्या टाकल्या, जुन्या सनदा पाहिल्या, शिवेचे दगड शोधले. एके ठिकाणीं शीव दगडी बांधावरून जात होती व बांध वांकडातिकडा होता. मोजणीदारांस सरळ रेघ ओढणें सोयीचें. झापातानें सांगितलें कीं गांव म्हणतें शीव बांधावरून आहे, तर ती बांधावरूनच जाईल. प्रत्येक वळण मोजण्यास सहा महिने लागले तरी चालतील. शंभरांहून अधिक गांवांच्या शिवा अशा ठरल्या. जमीन गांवाची, ती आपसांत वांटून घ्यावी कीं सामाईक ठेवावी हें गांवानें आपल्या चालीप्रमाणें ठरवावें, विकण्याची मात्र मनाई. वरून कोणी नमुना घालून दिला नाहीं.

मग लोकांनीं काय पेरलें? येथें आम्हांस या सर्व चरित्रांतील सर्वांत उपदेशक गोष्ट दिसते. झापातानें त्यांस कळकळीनें सांगितलें कीं ऊस लावा. कारखाने आतां आपल्या हातीं आहेत, साखरेचा पैसा येईल, यंत्रें घेतां येतील. नुसतीं भाजीपाल्याचीं पिकें घ्याल तर गरीबच राहाल. कांहीं कारखाने त्यानें चालूही केले, आणि त्यांचें उत्पन्न फौजेच्या खर्चास लावलें. हिशेबानें त्याचें म्हणणें बरोबर होतें. लोकांनीं ऐकून घेतलें आणि मका पेरला. मका, घेवडा, हरभरा, मिरची, टोमॅटो, कांदे, अंगणांत कोंबड्या. ज्यासाठीं चार वर्षें मेले तें त्यांस हेंच हवें होतें: आपल्या खळ्यांतील धान्य, आणि काय पेरावें हें विचारण्यास दुसऱ्या कोणाकडे जावें न लागणें. त्या उन्हाळ्यांत मोरेलोसच्या बाजारांत धान्य राजधानीपेक्षां स्वस्त होतें. झापातानें जबरदस्ती केली नाहीं. आमच्या मतें कुआउत्ला घेण्यापेक्षां हें त्याचें मोठें कृत्य होय, कारण जिंकलेल्या पुढाऱ्यास आपल्याच लोकांचा नकार सोसणें फार कठीण जातें.

त्याचे दोष झांकून ठेवावे असें आम्हांस वाटत नाहीं. घरगुती आचरणांत तो अनुकरणीय नव्हता. अनेक स्त्रियांपासून त्यास मुलें होतीं. त्याच्या सरदारांनीं लुटी केल्या, कैदी मारले, आणि आपसांत खून केले. लढाई लांबली तसे त्याचेच शिपाई खेड्यांस भार झाले. १९१७ सालीं आयाला योजना लिहिणारा मोन्तान्यो मास्तर, याजवर फितुरीचा आळ येऊन झापाताच्याच लोकांच्या न्यायसभेनें त्यास गोळी घालविली. मरेपर्यंत तो आपण निर्दोषी आहों असें सांगत होता, आणि झापातानें त्यास वांचविलें नाहीं. मात्र त्याच वर्षीं त्यानें असा हुकूम काढला कीं गांवांनीं आपले अधिकारी स्वतः निवडावे, फौजेनें त्यांच्या कारभारांत, पिकांत व पाण्यांत हात घालूं नये, आणि घालील त्यास गांवानें धरावें. मुक्त करणाऱ्यांपासूनही मुक्तता लागते, हें त्यास दिसलें होतें. हुकूम सर्वत्र पाळला गेला असें नाहीं.

१९१६ सालीं कारान्साचा सेनापति पाब्लो गोन्सालेस मोठी फौज घेऊन आला. माणसें झाडांस टांगलीं गेलीं, शेंकडों लोकांस दूर युकातानकडे पाठविलें, कारखान्यांचीं यंत्रें मोडीच्या भावानें विकलीं. त्लाल्तिसापान येथें बायकामुलांचीही कत्तल झाली. मागून १९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची सांथ आली, जिनें आपल्या देशांतही घरेंच्या घरें रिकामीं केलीं. १९१० च्या खानेसुमारींत मोरेलोसची वस्ती सुमारें १,८०,००० होती. १९२१ च्या खानेसुमारींत ती सुमारें १,०३,००० भरली. या आंकड्यांपुढें आम्ही कांहीं लिहूं शकत नाहीं.

लढाईनें तो हातीं येत नाहीं असें पाहून कपट योजिलें. हेसुस ग्वाहार्दो नांवाच्या सरकारी कर्नलानें आपण फितूर होऊन झापातास मिळतों असें भासविलें, आणि खरेपणा दाखविण्यासाठीं, पूर्वीं झापातास सोडून सरकारास मिळालेले पन्नासांवर शिपाई गोळ्या घालून मारले. एक उमदा घोडाही नजर केला. १० एप्रिल १९१९ रोजीं चिनामेका येथील मळ्याच्या वाड्यांत भेट ठरली. झापाता दहा माणसांनिशीं त्या घोड्यावर बसून दरवाज्यांत शिरला. मानवंदनेसाठीं शिपाई रांगेनें उभे होते. तीनदां बिगूल वाजला आणि त्यांनीं त्याच्यावरच गोळ्या झाडल्या. प्रेत खेचरावर घालून कुआउत्ला येथें आणलें व लोकांस पाहावयास ठेविलें. खेड्याखेड्यांतून माणसें आलीं, पाहून गेलीं, आणि पुष्कळांनीं हा तो नव्हेच असें म्हटलें. त्याच्या अंगावर खूण होती ती येथें नाहीं, तो घोड्यावर बसून डोंगरांत गेला आहे. ग्वाहार्दोस बढती व ५०,००० पेसो मिळाले. पुढच्याच वर्षीं सरकाराविरुद्ध उठल्याबद्दल त्यास गोळी घालण्यांत आली.

कारान्साही १९२० सालीं मारला गेला. नवीन सत्ताधीश आल्व्हारो ओब्रेगोन यानें झापाताच्या उरलेल्या लोकांशीं समेट केला, आणि मोरेलोसच्या खेड्यांस जमिनी मिळूं लागल्या. त्यापूर्वींच १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमांत खेड्यांस जमीन देण्याचें तत्त्व आलें होतें. तें कारान्साच्या सभेनें घातलें, परंतु झापाता डोंगरांत जिवंत नसता तर घातलें असतें कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे. तें कलम १९९२ सालीं बदललें, जमीनवांटप बंद झालें, आणि १९९४ च्या आरंभीं चियापास राज्यांतील मूळ रहिवाशांनीं झापाताचें नांव घेऊन पुनः उठाव केला.

ज्या शेतकी शाळेच्या तरुणांनीं मोरेलोसच्या शिवा मोजल्या ती शाळा पुढें राजधानीबाहेर चापिंगो येथें गेली. तेथें १९२४ सालीं मेक्सिकोंत आलेला एक मराठी गृहस्थ शिकवीत असे: वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. इंग्रज सरकाराविरुद्ध कट केल्यामुळें त्यांस देशांत येण्याची बंदी होती. त्यांनीं मेक्सिकोंतील शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या व मक्याच्या जाती सुधारण्यांत पुष्कळ वर्षें घालविलीं; त्यांचा अंत १९६७ सालीं नागपुरास झाला. त्याच चापिंगोच्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा या चित्रकारानें एक चित्र काढलें आहे. जमिनीखालीं दोन प्रेतें शेजारीं शेजारीं पुरलेलीं आहेत आणि त्यांवर मका उगवला आहे. एक प्रेत झापाताचें आणि दुसरें मोन्तान्यो मास्तराचें आहे.

पेटीचें काय झालें हें सांगावयाचें राहिलें. लढाई पेटली तेव्हां झापातानें ती फ्रान्सिस्को फ्रान्कोच्या स्वाधीन करून, जिवापाड जपण्यास सांगितलें होतें. फ्रान्को लढला नाहीं. तो कागद घेऊन डोंगरांत लपत राहिला. गांवास जमीन मिळाल्यावरही ती राखण्यासाठीं तंटे चाललेच, आणि प्रत्येक तंट्यांत तेच कागद काढावे लागले. त्यानें ते हेसुस सोतेलो इन्क्लान नांवाच्या राजधानींतील एका शिक्षकास दाखविले. त्यांवरून त्या शिक्षकानें १९४३ सालीं झापाताच्या गांवाचा इतिहास छापला. १९४७ च्या डिसेंबरांत सरकारी शिपायांच्या हातून फ्रान्को मारला गेला. त्या वेळीं देशावर राज्य करणारा पक्ष क्रांतीचें नांव लावीत होता.